ऊन : किती हवे, किती नको

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे गाव आहे. सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणारे आणि उन्हाळ्यात विदर्भातल्या इतर गावांसारखेच तापणारे. अशा गावात उन्हाबद्दल माणसाला दोन तऱ्हेचे सल्ले मिळत असतात. तान्ह्या बाळाला कोवळे ऊन द्या, धान्य कडकडीत उन्हात घाला, गाद्या-गोधड्या उन्हात टाका, हा एक. दुपारचे बाहेर पडू नका, डोक्याला दुपट्टा बांधा, ग्रहणात सूर्याकडे बघू नका, हा दुसरा. दोन्ही सल्ले देणारी आजी बहुधा एकच असते. मग आठवी-नववीच्या वर्गातला एखादा विद्यार्थी विचारतोच, की ऊन मुळात चांगले की वाईट?

या प्रश्नाचे उत्तर 'थोडे चांगले, थोडे वाईट' असे देऊन पुढे जाता येते. पण त्याने कोणाचेच समाधान होत नाही. ऊन म्हणजे एकच एक वस्तू नाही, ते मिश्रण आहे, आणि त्या मिश्रणातला प्रत्येक घटक वेगळे काम करतो. कोणता घटक कधी, किती पोचतो हे कळले, की दोन्ही सल्ल्यांतले किती खरे आणि किती ऐकीव ते आपले आपल्याला ठरवता येते.

सुरुवातीला शब्दाचा एक घोळ निस्तरायला हवा. सूर्याकडून ऊर्जा येते ती प्रारणांच्या रूपाने. वर्तमानपत्रांत मात्र प्रारण आणि किरणोत्सर्ग हे शब्द सर्रास एकाऐवजी एक वापरले जातात आणि विद्यार्थ्यांना वाटते, की सूर्यकिरण म्हणजे युरेनियममधून निघणाऱ्या किरणांचाच प्रकार. तसे नाही. सूर्याच्या पोटात अणुकेंद्रांचे मीलन होते हे खरे, पण आपल्यापर्यंत पोचतो तो त्याच्या सुमारे ५५०० अंश सेल्सियस तापलेल्या पृष्ठभागाचा प्रकाश. लोहाराच्या भट्टीतले लोखंड लाल होऊन जसे प्रकाश देते, तसाच.

या प्रकाशाचे तीन भाग करतात. डोळ्यांना दिसतो तो दृश्य प्रकाश. त्याची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्याहून लांब लहरींचे ते अवरक्त किरण. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपटात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे तापमापी ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांनी रंगपटाच्या दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या अलीकडच्या अंधारात सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद धरला. तो तिथे इतर कोठल्याही रंगापेक्षा लवकर काळा पडला. हे अतिनील किंवा जंबुपार किरण. जमिनीवर पोचणाऱ्या ऊर्जेत दृश्य आणि अवरक्त यांचाच वाटा जवळजवळ सगळा असतो. अतिनील किरण जेमतेम पाच टक्के, आणि त्यातही ज्यांना 'अतिनील ब' म्हणतात ते ३१५ नॅनोमीटरहून आखूड किरण तर अगदीच नगण्य. पण गंमत अशी, की हाडे घट्ट करण्यापासून कातडी भाजण्यापर्यंतचे सर्वांत नाजूक व्यवहार या नगण्य भागाच्या हातात आहेत. कारण रासायनिक बंध तोडायचा तर एकूण ऊर्जा किती आली याला महत्त्व नसते, एकेका कणात ती किती आहे याला असते. लहर जितकी आखूड, तितका कण जोरकस.

एक काठी आणि तिची सावली

सूर्यकिरण मोजायला महागडे उपकरण लागते. शाळेत ते नसते. पण एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा आणि मोजपट्टी असली तरी पुष्कळ काम होते.

सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरणांना हवेच्या थरातून सर्वांत थोडा प्रवास करावा लागतो. तो क्षितिजापासून ३० अंशांवर असला, की हा प्रवास दुप्पट होतो. १५ अंशांवर असेल तर जवळजवळ चौपट. दृश्य प्रकाशाला याने थोडाच फरक पडतो, म्हणून सकाळी आठ वाजता आपल्याला लख्ख दिसते. अतिनील ब किरणांना मात्र वाटेतला ओझोन शोषून घेतो आणि हवाही त्यांना फार विखुरते, त्यामुळे वाट थोडी लांबली तरी ते झपाट्याने कमी होतात. सूर्य ४५ अंशांवर असताना काठीची सावली काठीइतकीच पडते. म्हणून जगभर एक सोपा ठोकताळा वापरतात: सावली उंचीपेक्षा आखूड, तर अतिनील किरण जोरात, सावली उंचीपेक्षा लांब, तर ते क्षीण.

आता हा ठोकताळा अनसिंगला लावून पाहू. गाव २० अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहे. म्हणजे मकरवृत्तावर सूर्य गेलेला असताना, २२ डिसेंबरलाही, मध्यान्हीला तो क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंश वर असतो. एक मीटर काठीची सावली त्या दिवशी सुमारे ९५ सेंटीमीटर पडते. वर्षातल्या सर्वांत लांब मध्यान्ह-सावलीची ही गोष्ट. याचा अर्थ असा, की अनसिंगला वर्षातल्या कोणत्याही दिवशी मध्यान्हीची सावली माणसाच्या उंचीपेक्षा लांब होत नाही. लंडनला त्याच दिवशी ती उंचीच्या पावणेचारपट असते.

डिसेंबरात सावली उंचीपेक्षा आखूड राहण्याचा काळ इथे साधारण साडेअकरा ते एक एवढाच. मे महिन्याच्या विशीत मात्र तो सकाळी नऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत पसरतो. आणि २०-२१ मेच्या सुमारास, घड्याळात सव्वाबारा होऊन दोन-तीन मिनिटे झाली, की काठीची सावली नाहीशीच होते. हाच शून्य सावलीचा दिवस. (बारा वाजता का नाही, हे विद्यार्थ्यांना विचारावे. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे आहे आणि अनसिंग त्याच्या पाचेक अंश पश्चिमेला.) दुसरा शून्य सावलीचा दिवस २३-२४ जुलैच्या आसपास येतो. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते, ही वऱ्हाडातल्या शिक्षकांची अडचण आम्हाला मान्य आहे. पण सावलीच्या नोंदी नोव्हेंबर ते एप्रिल व्यवस्थित घेता येतात आणि शून्य सावलीपेक्षा त्यांतून जास्त शिकायला मिळते.

कोवळ्या उन्हाचा गैरसमज

लहर आखूड असली की वाईट, असे मात्र समजू नये. इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या शहरांत एकोणिसाव्या शतकात मुडदूस झालेली मुले गल्लोगल्ली दिसत. पाय धनुकलीसारखे वाकलेले, मनगटे सुजलेली. थिओबाल्ड पाम हे डॉक्टर जपानात राहून आलेले होते. तिथे त्यांना हा रोग जवळजवळ दिसला नव्हता. त्यांनी निरनिराळ्या देशांतल्या मिशनरी डॉक्टरांना पत्रे पाठवून माहिती जमवली आणि १८९० साली लिहिले, की फरक खाण्याचा किंवा गरिबीचा नसून सूर्यप्रकाशाचा आहे. त्यांचे म्हणणे फार कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले आणि क्ष-किरण चित्रांत हाडे भरून येताना दाखवली. एकाच हातावर किरण टाकले तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारत. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सगळीकडे जात होते.

ते 'काहीतरी' म्हणजे ड जीवनसत्त्व. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. त्याच्यावर अतिनील ब किरण पडले, की त्यातले एक वलय उघडते आणि ड जीवनसत्त्वाचा पूर्वपदार्थ बनतो. आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला हे जीवनसत्त्व लागते. आहारातून ते फारच थोडे मिळते. ज्वारीची भाकरी, वरण आणि भाजी अशा आपल्या जेवणातून तर जवळजवळ नाहीच.

आता आजीच्या पहिल्या सल्ल्याकडे पाहू. 'सकाळचे कोवळे ऊन घ्या म्हणजे ड जीवनसत्त्व मिळते' असे डॉक्टरसुद्धा सांगताना आढळतात. पण सात वाजता काठीची सावली पाहा. ती कित्येक मीटर लांब पडलेली असते. त्या उन्हात ऊब आहे, उजेड आहे, पण अतिनील ब किरण जवळजवळ नाहीत. कोवळे ऊन सुखकारक आहे हे खरे. हाडांच्या कामाला मात्र सावली उंचीइतकी होईपर्यंत थांबायला हवे. तेही काचेआड बसून नाही. खिडकीची साधी काच अतिनील ब किरण अडवते, त्यामुळे बंद खिडकीतून आलेल्या कवडशात तासभर बसून काही पदरात पडत नाही.

त्यात आपली कातडी सावळी. मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून आतल्या पेशींना वाचवते, पण ड जीवनसत्त्व बनवायला लागणारे किरणही तेच खाऊन टाकते. गोऱ्या माणसाला जे काही मिनिटांत मिळते, त्याला सावळ्या माणसाला कित्येक पट वेळ लागतो. वर्षभर लख्ख ऊन असलेल्या भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण जी मुलगी सकाळी सावलीत शिकवणीला जाते, दिवसभर वर्गात बसते आणि ऊन उतरल्यावर घरी येते, तिच्या कातडीला हे किरण भेटणार कधी? आमच्या मते हिवाळ्यात शाळेचा खेळाचा तास दुपारी बाराच्या आगेमागे ठेवायला हरकत नाही. मार्चनंतर तोच तास सकाळी नऊच्या आत यायला हवा. वेळापत्रक करताना सावली कोणी मोजत नाही, एवढेच.

शेतात राबणाऱ्यांना एक भीती वाटते, की सतत उन्हात राहून हे जीवनसत्त्व जास्त होईल काय? गोळ्या-इंजेक्शनांनी ते होऊ शकते. उन्हाने होत नाही. कातडीतला पूर्वपदार्थ ठराविक मर्यादेपर्यंत साठला, की तेच किरण त्याचे निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करू लागतात.

तेच किरण, दुसरे काम

पण त्याच लहरी पेशींतल्या डीएनएवरही पडतात. शेजारी शेजारी असलेले थायमिनचे दोन घटक एकमेकांना चिकटतात आणि तिथे संदेश वाचताना चूक होते. पेशी हे बिघाड सतत दुरुस्त करत असते. दुरुस्तीपेक्षा बिघाड जास्त झाले आणि हे वर्षानुवर्षे चालले, तर कर्करोगाचा धोका. मेलॅनिनमुळे आपल्याकडे उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने फार कमी आहे. ऑस्ट्रेलियातले इशारे जसेच्या तसे उचलून आपल्या मुलांना घाबरवण्याचे कारण नाही. ज्यांच्या अंगावर कोडाचे पांढरे डाग आहेत किंवा ज्यांच्या शरीरात जन्मतःच रंगद्रव्य नाही, त्यांना मात्र हे इशारे पूर्णपणे लागू आहेत, आणि वर्गात असे एखादे मूल असेल तर त्याला दुपारच्या कवायतीतून सूट मिळायलाच हवी.

डोळ्यांना मेलॅनिनचे असे संरक्षण नाही. आयुष्यभर उघड्या शेतात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत मांस वाढते, मोतीबिंदू लवकर पिकतो. यामागे इतर कारणांबरोबर अतिनील किरण आहेत. रुंद कडेची टोपी किंवा पुढे ओढलेला पदर इथे बराच उपयोगी पडतो. ग्रहणाची गोष्ट वेगळी. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाच्या वेळी गावोगाव चष्मे वाटले गेले ते ग्रहणाचे किरण विषारी असतात म्हणून नव्हे. सूर्य झाकोळला, की डोळे दिपत नाहीत, आपण टक लावून पाहतो, आणि उरलेल्या कोरीची प्रतिमा भिंगाने कागद जाळावा तशी दृष्टिपटलावर पडते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. म्हणून मुलाला जखम झाल्याचे काही तासांनी कळते.

वातावरणातल्या सगळ्या ओझोनचा जमिनीलगत एकच थर केला, तर आपल्या भागात तो तीन मिलिमीटरही भरणार नाही. उत्तरेकडच्या देशांपेक्षा आपल्यावरचा हा थर मुळातच पातळ आहे आणि सूर्य डोक्यावर, त्यामुळे एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ही 'अतितीव्र' पायरी. ओझोनला क्लोरिनयुक्त वायूंमुळे भोक पडत असल्याचे १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावर दिसले, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि हा थर आता हळूहळू सावरतो आहे.

भारतावर किती ऊन पडते हे आपल्याला आज आकड्यांत सांगता येते, यात पुण्याचा मोठा वाटा आहे. भारतीय हवामान खात्याच्या पुण्यातील उपकरण विभागात अ‍ॅना मणी १९४८ साली रुजू झाल्या. परदेशातून मागवावी लागणारी उपकरणे त्यांनी इथेच बनवून घेतली, एकमेकांशी ताडून पाहिली, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. १९८० मध्ये त्यांचा भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा ग्रंथ निघाला. सौर पॅनेल बसवणाऱ्यांना पहिला भरवशाचा आधार मिळाला तो या आकड्यांचा.

अडतीस अंश, पण कुठले?

आतापर्यंत आपण ज्याविषयी बोललो त्या अतिनील किरणांचे नुकसान सावकाश होते. दृश्य आणि अवरक्त किरणांनी तापलेले अंग मात्र दोन-तीन तासांत माणसाचा जीव घेऊ शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ झाला. लाखो लोक उघड्यावर, उन्हात बसून होते. उष्माघाताने चौदा जण दगावले. त्या दिवशीचे तापमान जवळच्या केंद्रावर सुमारे ३८ अंश नोंदले गेले होते. विदर्भातल्या माणसाला हा आकडा वाचून नवल वाटेल. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिलेल्या नागपूरला ३८ अंश म्हणजे बऱ्यापैकी सुसह्य दिवस. मग तिथे असे का व्हावे?

पहिली गोष्ट, हवामान खात्याचा तापमापी उन्हात नसतोच. तो पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर सावलीत टांगलेला असतो. तो हवेचे तापमान सांगतो. उन्हात बसलेल्या माणसाला किती उष्णता मिळते ते तो सांगत नाही.

त्याचा ढोबळ हिशेब करून पाहू. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट पडतात. बसलेल्या माणसाचे अंग त्यातले साधारण अर्ध्या चौरस मीटरचे ऊन अडवते आणि कपडे-कातडी मिळून त्यातला साठ टक्के भाग शोषते असे धरू. म्हणजे ३०० वॅट. स्वस्थ बसलेले शरीर स्वतःच १०० वॅट उष्णता तयार करत असते. एकूण ४००. एरवी कातडीपेक्षा हवा थंड असल्याने ही उष्णता हवेत निघून जाते. पण कातडीचे तापमान ३५-३६ अंश असते. हवा ३८ अंशांवर गेली, की ती उष्णता घेण्याऐवजी देऊ लागते. उरला एकच मार्ग, घामाचा. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. ४०० वॅटने तासाभरात १४ लाख ४० हजार जूल होतात. त्यासाठी ६०० ग्रॅम घाम वाळायला हवा, दर तासाला. तोच माणूस त्याच हवेत झाडाखाली बसला तर हे काम दीडशे-दोनशे ग्रॅममध्ये भागते. हवेचे तापमान दोन्हीकडे ३८ अंशच.

दुसरी गोष्ट, घाम 'यायला' हवा असे आम्ही म्हटले नाही, 'वाळायला' हवा असे म्हटले. समुद्रकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम गारवा देत नाही. अनसिंगसारख्या कोरड्या हवेच्या गावी उलटा धोका असतो. घाम लागलीच वाळतो, अंग कोरडे दिसते, आणि पाणी किती गेले ते कळतच नाही. तहान लागेपर्यंत थांबून चालत नाही ते यामुळे.

सावली कसली, यानेही फरक पडतो. उन्हात तापून ६० अंशांवर गेलेले गंजके टिनाचे छत स्वतः दर चौरस मीटरला सहाशेच्या वर वॅट अवरक्त प्रारण खाली सोडते. कडुनिंबाची पाने बाष्प सोडून स्वतःला हवेइतपतच तापू देतात. टिनाच्या खोलीत वर्ग भरत असेल तर छताला वरून चुना फासणे हा सर्वांत स्वस्त उपाय. टिनाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत, एकाला चुना लावावा, दोन्ही विटांवर उन्हात ठेवावेत आणि तासाभराने खालच्या बाजूला तापमापी टेकवून पाहावा. विद्यार्थ्यांना पुढचे समजावून सांगावे लागत नाही.

शेतावर जाणाऱ्या बायका लुगड्यावर घरधन्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, गडी माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळतात. हे उकाड्यात विचित्र वाटते, पण आपल्या हिशेबातल्या ३०० वॅटमधला बराच भाग हे कापड कातडीपासून दूर अडवते. दुपट्टा ओला केला तर आणखी बरे. फक्त ओल्या पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरण थोडे जास्त आत येतात, हे लक्षात असू द्यावे. खिशात कांदा ठेवल्याने मात्र यातला एकही वॅट कमी होत नाही. तो ताकाबरोबर खावा.

उष्माघाताची खूण म्हणजे नुसता थकवा किंवा चक्कर नव्हे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, त्याचा तोल जातो, शुद्ध हरपते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालत राहावे, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवावीत. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप नव्हे.

उजेडाचे औषध, उन्हाचे पाणी

बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याच्या प्रथेत एक गोष्ट वेगळी काढून सांगण्यासारखी आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात बाहेर नेत. कावीळ झालेल्या एका बाळाचा पिवळेपणा सगळीकडे उतरला, फक्त जिथे चादरीचा कोपरा होता तेवढा भाग पिवळा राहिला. डॉ. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी यावर काम करून १९५८ मध्ये निबंध छापला. बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ निळा प्रकाश शोषतो आणि त्याच्या रेणूचा आकार बदलून तो शरीराबाहेर टाकता येईल असा होतो. आज नवजात बाळांच्या विभागात निळे दिवे दिसतात ते यासाठी. अतिनील किरणांचा त्याच्याशी संबंध नाही. नायजेरियातल्या डॉक्टरांनी तर अतिनील आणि बरेचसे अवरक्त किरण गाळणाऱ्या पडद्यांखाली, नुसत्या उन्हावर हे उपचार यशस्वी करून दाखवले (२०१५). म्हणजे आजीच्या सल्ल्यात तथ्य आहे. पण साध्या उन्हात उघडे बाळ तापते किंवा गारठते आणि प्रकाशाची मात्राही ठरलेली नसते. बाळ जास्त पिवळे दिसू लागले तर अंगणात न्यायचे नाही, दवाखान्यात न्यायचे.

ऊर्जेच्या उपयोगांबद्दल हल्ली इतके लिहिले जाते, की आम्ही थोडक्यात आवरतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ पासून ७३ मोठे आरसे सूर्याच्या उष्णतेने वाफ करून स्वयंपाकाला पुरवू लागले. विदर्भात वर्षाची सरासरी काढली तर एका चौरस मीटरवर रोज पाच ते साडेपाच युनिट ऊन पडते. आजचे पॅनेल त्यातले एक युनिट वीज करून देते. पाच अश्वशक्तीच्या सौरपंपाला म्हणूनच पंचवीसेक चौरस मीटर पॅनेल लागतात. हरभऱ्याला रात्री दोन वाजता वीज आली म्हणून अंधारात, साप-विंचवांत पाणी द्यायला जावे लागणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणे, हा या पंपाचा खरा फायदा. मात्र पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची शक्ती ०.३ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर गेले, की बारा ते सोळा टक्के वीज तिथेच गेली. निरभ्र पण थंड असा फेब्रुवारीचा दिवस त्याला अधिक मानवतो.

शेवटी वर्गात करण्यासारखा एक प्रयोग. वाशिम-हिंगोलीकडे हळद पिकते, आणि उकडलेली हळद दिवसचे दिवस उन्हात वाळवतात हे मुलांनी पाहिलेले असते. हळदीचा डाग उन्हात उडतो हेही घरोघरी ठाऊक असते. पांढऱ्या सुती कापडाच्या तीन पट्ट्या हळदीच्या गरम पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. एक बंद डब्यात ठेवावी. दुसरीवर मधोमध एक रुपयाचे नाणे ठेवून ती उघड्या उन्हात पसरावी. तिसरी तशीच नाण्यासकट, पण वर खिडकीच्या काचेचा तुकडा झाकून. दोन-तीन दिवस दुपारचे ऊन मिळाल्यावर नाणी उचलावीत. खाली पिवळे वर्तुळ तसेच राहिलेले दिसेल, आजूबाजूचा रंग उतरलेला. काचेखालच्या पट्टीचाही रंग उतरलेला असेल. काच तर अतिनील ब किरण अडवते असे आपण म्हटले होते. हळदीतला रंग सुमारे ४२५ नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश शोषतो, एवढी एकच माहिती विद्यार्थ्यांना द्यावी आणि पुढचे उत्तर त्यांच्याकडून काढून घ्यावे. त्यानंतर विचारावे, की या तिसऱ्या पट्टीच्या जागी, त्याच काचेखाली आपला हात असता तर त्यात ड जीवनसत्त्व तयार झाले असते का?